यांत्रिक फिल्टर धुतला की अमोनिया, न धुतला की नायट्रेट : नेमके करावे काय?

शिंपला (प्रश्न) :

नमस्कार. गेली दोन वर्षे माझ्याकडे सुमारे ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्याआधी आठ-नऊ वर्षे मी फक्त गोड्या पाण्यातले मासे पाळत होतो आणि आज जी अडचण मांडत आहे तिचे मूळ त्या जुन्या सवयींतच असावे, असा मला संशय आहे. टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, एक रॉयल ग्रामा, दोन कार्डिनल मासे आणि काही मऊ प्रवाळ आहेत. लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड) सुमारे ३० किलो आहे. टाकीच्या वरच्या थरातले पाणी ओव्हरफ्लोतून (जादा पाणी उतरण्याच्या वाटेने) खालच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, उतरते आणि तेथे २०० मायक्रॉनच्या दोन फेल्ट सॉक्समधून (पिशवीसारख्या गाळण्यांतून) गाळून स्किमरकडे, म्हणजे फेस करून पाण्यातला मळ काढणाऱ्या उपकरणाकडे, जाते. याशिवाय जुन्या टाकीचा एक कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला फिल्टर) मी तसाच चालू ठेवला आहे. त्यात जाड स्पंज, बारीक फ्लॉस (कापसासारखी गाळणी) आणि सिरॅमिक रिंग्ज आहेत.

गोड्या पाण्याच्या काळात मनावर एकच गोष्ट ठसली होती, ती म्हणजे फिल्टरला शक्यतो हात लावू नये, कारण त्यातले जिवाणू मरतात. त्यामुळे सॉक्स आणि कॅनिस्टर मी महिन्यातून एकदाच उघडत असे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही नायट्रेट ४० पीपीएमच्या (दशलक्षात ४० भागांच्या) खाली येत नव्हते. शेवटी गेल्या महिन्यात एकदाचे सगळे स्वच्छ करून टाकावे असे ठरवले आणि एकाच दिवशी दोन्ही सॉक्स, स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज नळाखाली जोराच्या धारेत धुतल्या, फ्लॉस नवा घातला आणि वाळूही सायफनने साफ केली. तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.२५ ते ०.५ पीपीएमच्या दरम्यान दिसला, माशांचे श्वास जलद झाले आणि प्रवाळ मिटून बसले. मी लगोलग २० टक्के पाणी बदलले आणि आठवडाभरात सारे पूर्ववत झाले, पण नायट्रेट पुन्हा जिथल्या तिथे आहे.

आता वाचावे तितके सल्ले परस्परविरोधी सापडतात. कोणी म्हणतो सॉक दर तीन दिवसांनी बदला, कोणी म्हणतो फिल्टरला महिनोन्महिने हात लावू नका. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्हींचा फटका खाल्ला. सॉक धुण्याचीही नेमकी रीत मला ठाऊक नाही. एकदा कपडे धुण्याच्या पावडरीने धुतले तर स्किमरचा कप दोन दिवस फेसाने ओसंडून वाहत होता. अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग दाखवावा.


ओहोटी :

आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त ते एकाच वस्तूविषयी नाहीत. गोंधळ झाला आहे तो ‘फिल्टर’ या एका शब्दामुळे. आपल्या टाकीत दोन वेगवेगळी कामे चालू आहेत. पाण्यातला घन कचरा अडवणे हे सॉक, फ्लॉस आणि स्पंज यांचे काम, आणि अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना घर देणे हे लाइव्ह रॉक, वाळू आणि सिरॅमिक रिंग्ज यांचे काम. पहिल्या वर्गातल्या वस्तू वारंवार धुवायच्या असतात आणि दुसऱ्या वर्गातल्यांना जवळजवळ हात लावायचा नसतो. आपण महिनाभर पहिल्या वर्गाला दुसऱ्याचे नियम लावले आणि मग एका दिवसात दुसऱ्या वर्गाला पहिल्याचे.

सॉकने कचरा अडवला म्हणजे तो पाण्यातून गेला, असे आपल्याला वाटते, आणि खरी चूक तिथेच होते. केर सुपलीत भरला आणि सुपली घरातच ठेवली, तर घर स्वच्छ झाले असे आपण म्हणत नाही. सॉकमधली विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजणारे शेवाळ हे सगळे पाण्यातच असते. इतकेच नव्हे, तर टाकीतला सर्वांत जोरकस प्रवाह दिवसरात्र त्या साठ्यातूनच वाहत असतो. कचरा कुजला की अमोनिया सुटतो, सॉकवरच वाढलेले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात आणि फॉस्फेट तर थेट पाण्यात उतरते. दगडाच्या आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या भागांत काही प्रमाणात नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होऊ शकते. सॉकमधून मात्र प्राणवायूने भरलेले पाणी सतत वाहत असल्याने तिथला प्रवास नायट्रेटवरच संपतो. स्किमर वेगळा ठरतो तो याच बाबतीत, कारण त्याच्या कपात गेलेला मळ पुन्हा पाण्याच्या संपर्कात येत नाही. सॉकच्या बाबतीत हे शेवटचे पाऊल आपल्याला स्वतः उचलावे लागते.

म्हणून सॉक किंवा फ्लॉस दोन ते तीन दिवसांनी बदलावा, फार तर चार. मऊ कचरा पहिल्या एक-दोन दिवसांतच विरघळू लागतो, त्यामुळे आठवड्याने काढलेला सॉक दिसायला कितीही भरलेला असला तरी त्यातला बराचसा ऐवज तोवर पाण्यात परतलेला असतो. महिन्याने काढलेल्या सॉकबद्दल न बोललेलेच बरे.

आता अमोनिया का वाढला ते पाहू. महिनाभर न धुतलेले सॉक्स आणि स्पंज नकळत जैविक फिल्टर बनले होते. टाकीतल्या अमोनियाचा काही वाटा लाइव्ह रॉक पचवत होता, काही हा मळकट साठा आणि काही रिंग्ज. आपण दगड सोडून बाकी सगळे एका दिवसात, तेही नळाच्या पाण्याने, धुऊन टाकले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारतेच. शिवाय खाऱ्या पाण्यात वाढलेल्या जिवाणूंवर अचानक गोड्या पाण्याचा मारा झाला की क्षारतेच्या फरकाचा तडाखाही बसतो. दगडावर जागा भरपूर असली तरी जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या बेताची असते आणि अमोनियावर जगणारे हे जिवाणू इतर अनेक जिवाणूंच्या मानाने सावकाश वाढतात. त्यामुळे उरलेला भार उचलायला दगडाला काही दिवस लागले. त्यात वाळू उपसल्याने तळाचा साठलेला गाळही पाण्यात मिसळला. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश मोठा. गोड्या पाण्याच्या उदासीन टाकीत जो आकडा खपून जातो, तोच येथे माशांच्या जिवावर बेतू शकतो. आपण तत्काळ पाणी बदललेत हे योग्यच झाले.

पुढे असे करावे. सॉक दर तिसऱ्या दिवशी बदलावा. कॅनिस्टरचा फ्लॉस तीन-चार दिवसांनी फेकून द्यावा. जाड स्पंज आठवड्यातून एकदा, पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पिळून काढावा. रिंग्जवर गाळाचा थर बसलाच तर त्या त्याच बादलीत हलकेच हलवून परत ठेवाव्यात, चोळू नयेत आणि नळाखाली तर कधीच धरू नयेत. वाळूची सफाई आणि कॅनिस्टरची सफाई यांत किमान आठवड्याचे अंतर ठेवावे. सॉक नियमित बदलू लागलात की त्याच्यावर जिवाणूंची वसाहत उभीच राहत नाही, आणि म्हणून तो काढल्याने अमोनियाही वाढत नाही. वारंवार धुणे धोक्याचे नसून दीर्घकाळ न धुता मग एकदम धुणे धोक्याचे आहे.


जुना_संप :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. धुण्याची रीत मी सांगतो, कारण त्या बाबतीत मी स्वतः पुष्कळ सॉक्स वाया घालवले आहेत.

सुरुवात सॉक बाहेर काढण्यापासून करू. बरेच लोक पंप चालू असतानाच सॉक उपसतात आणि कडेवर आलेला गाळ थेट संपमध्ये सांडतो, म्हणजे तीन दिवसांची कमाई तीन सेकंदांत जाते. आधी रिटर्न पंप (संपमधले पाणी परत टाकीत चढवणारा पंप) बंद करावा, ओव्हरफ्लोचे पाणी उतरू द्यावे, सॉकमधले पाणी निथळले की तो सरळ वर उचलून शेजारच्या रिकाम्या बादलीत ठेवावा आणि मगच कोरडा, धुतलेला सॉक त्या जागी बसवावा. हात पाण्यात घालण्यापूर्वी संपमधल्या विजेच्या उपकरणांचा प्लग काढणे हा नियम मी कधीही मोडत नाही. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे.

काढलेला सॉक वाळू देऊ नये, कारण चिकट गाळ एकदा वाळला की फेल्टच्या धाग्यांत रुतून बसतो. लगेच उलटा करून, म्हणजे आतली बाजू बाहेर आणून, जोराच्या धारेने धुवावा. धार स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे गेली पाहिजे, नाहीतर कचरा आणखी आत ढकलला जातो. सॉकसाठी नळाचे पाणी चालते, कारण येथे जिवाणू वाचवायचेच नाहीत. एवढ्याने आठ-दहा आणे काम होते. उरतो तो डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर, आणि सॉक दिवसेंदिवस लवकर तुंबू लागतो तो याच थरामुळे.

त्यासाठी साधे, बिनवासाचे ब्लीच वापरावे. सुगंधी किंवा घट्ट केलेल्या ब्लीचमध्ये फेस आणणारी इतर द्रव्ये असतात, ती टाळावीत. एक भाग ब्लीच आणि सुमारे वीस भाग पाणी या मिश्रणात सॉक्स रात्रभर भिजू द्यावेत. सकाळी दोन-तीन वेळा भरपूर पाण्यात खळबळून, मग क्लोरीन घालवणारे औषध, म्हणजे डीक्लोरिनेटर, नेहमीपेक्षा थोडे जास्त घातलेल्या पाण्यात तासभर ठेवावेत आणि शेवटी उन्हात पूर्ण वाळवावेत. नाकाशी धरल्यावर ब्लीचचा किंचितही वास आला तर तो सॉक टाकीत जायला तयार नाही असे समजावे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक आम्ल किंवा अमोनिया असलेले कोणतेही क्लीनर चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतात आणि बंद न्हाणीघरात ते प्राणघातक ठरू शकतात. पंप धुण्याची व्हिनेगरची बादली आणि सॉक्सची ब्लीचची बादली मी वेगवेगळ्या रंगांच्या ठेवल्या आहेत, इतका मी या बाबतीत भित्रा आहे.

कपडे धुण्याच्या यंत्रातही सॉक्स धुता येतात, पण आधी एक फेरी यंत्र रिकामे आणि नुसत्या गरम पाण्याने चालवावे, म्हणजे आतल्या नळ्यांत राहिलेली पावडर निघून जाते. पावडर, साबण आणि कपडे मऊ करणारे द्रव पूर्णपणे वर्ज्य. आपल्या स्किमरने जो गोंधळ घातला त्याचे कारण तेच आहे. साबणातील द्रव्ये फेल्टमध्ये अडकून राहतात, पाण्याचा पृष्ठताण बदलतात आणि स्किमर मळाऐवजी नुसता पातळ फेस बाहेर फेकू लागतो. त्या पावडरीचे सॉक्स अजून वापरात असतील तर दोन-तीन वेळा गरम पाण्यातून काढावेत, नाहीतर सरळ टाकून द्यावेत.

हे सगळे दर तिसऱ्या दिवशी करणे कोणालाही परवडणारे नाही, आणि करूही नये. आठ-दहा सॉक्सचा संच ठेवावा, मळलेले सॉक धारेखाली धुऊन बाजूला ठेवत जावे आणि पंधरा दिवसांनी एकदम ब्लीचमध्ये घालावे. फेल्टऐवजी नायलॉनच्या जाळीचे सॉक्स मिळतात. ते नुसत्या धारेनेही स्वच्छ होतात, मात्र फेल्टइतका बारीक गाळ धरत नाहीत. आळशी माणसाने नियमित धुतलेली जाळी ही त्याने न धुतलेल्या फेल्टपेक्षा केव्हाही चांगली.

आणि एक काळजी. गाळ साठलेल्या स्पंजमध्ये आणि सॉकच्या तळाशी ब्रिसल वर्म (अंगावर काटे असलेले समुद्री किडे) लपून बसतात. त्यांचे काटे बोटांत शिरले तर फार चुरचुरतात. ते चिमट्याने ओढण्यापेक्षा चिकटपट्टी लावून उपटणे सोपे जाते. हातमोजे घालावेत, विशेषतः हाताला जखम असेल तर, कारण टाकीच्या पाण्यातील काही जिवाणूंमुळे त्वचेचे चिवट विकार होतात.


प्रवाळवेडा :

मी थोडा वेगळा सूर लावतो. माझ्या टाकीत गेल्या चार वर्षांपासून एकही सॉक नाही आणि प्रवाळांचे काही बिघडलेले नाही.

२०० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटरचा पाचवा भाग. एवढ्या बारीक गाळणीत केवळ विष्ठाच अडकते असे नाही. कोपेपॉड, अँफिपॉड यांसारखे चिमुकले जीव, गोगलगायींची पिल्ले आणि आपण प्रवाळांसाठी घातलेले सूक्ष्म खाद्यही त्यात अडकते. प्रवाळ ज्यावर जगतात तेच आपण गाळून फेकतो आणि मग बाटलीतून पुन्हा घालतो. याशिवाय अतिस्वच्छतेचाही धोका असतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले की प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सचा (सूक्ष्म एकपेशीय जीवांचा) तपकिरी, बुडबुडे धरणारा, चिकट थर वाळूवर पसरण्याची शक्यता वाढते. हे मी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या टाकीत सहा महिने भोगून शिकलो आहे. मऊ प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे असले की मी समाधानी असतो.

अर्थात सॉक नसेल तर कचरा कुठे ना कुठे बसणारच. माझ्या संपच्या पहिल्या कप्प्यात मुद्दाम प्रवाह मंद ठेवला आहे. गाळ तिथे बसतो आणि दर आठवड्याला पाणी बदलताना मी तो नळीने ओढून घेतो. टाकीत दगडांमागे पाणी न फिरणारे मेलेले कोपरे राहू नयेत म्हणून प्रवाह जोरकस ठेवावा लागतो. म्हणजे श्रम टळत नाहीत, ते दुसऱ्या जागी जातात. सॉक ठेवायचेच असतील तर खाद्य देताना रिटर्न पंप पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवावा, म्हणजे खाद्य आधी माशांच्या पोटात जाते, सॉकमध्ये नाही.

कॅनिस्टरबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. संप, स्किमर आणि ३० किलो दगड असताना त्याची गरज नाही. तो बंद डबा असल्याने आत काय साठले आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते धुतले जात नाही.


शिंपला :

सर्वांचे मनापासून आभार. आपले नियम उलटे लावले गेले, हे ओहोटी यांचे वाक्य वाचून मला स्वतःचेच हसू आले. आठ सॉक्स आणले आणि पावडरीचे जुने सॉक टाकून दिले. आता दोन शंका आहेत. एक, नवा सॉक दीड दिवसातच काठोकाठ भरतो आणि पाणी वरून ओसंडू लागते. हा दोष सॉकचा की माझ्या टाकीचा? दोन, कॅनिस्टर काढायचा झाला तर मागच्यासारखा अमोनिया पुन्हा वाढणार नाही, याची खात्री कशी करावी?


ओहोटी :

सॉक लवकर भरणे हा सध्या तरी दोष नाही. दगडांच्या फटींत आणि ओव्हरफ्लोच्या खोबणीत दोन वर्षांचा साठा आहे, तो सुटून येत आहे. दोन-तीन आठवड्यांत हा काळ आपोआप वाढेल. तोवर दिवस मोजण्यापेक्षा सॉकच्या आतली पाण्याची पातळी पाहावी. नव्या सॉकमध्ये पातळी तळाशी असते आणि जसजशी छिद्रे बुजतात तसतशी ती वर चढते. पातळी पाऊण उंचीवर आली की सॉक बदलावा, मग तो दुसरा दिवस असो वा चौथा. ओसंडू लागला की पाणी न गाळताच पुढे जाते आणि पडणाऱ्या पाण्याबरोबर हवेचे बारीक बुडबुडे रिटर्न पंपातून टाकीत शिरतात. धुतलेला सॉक नव्याच्या निम्म्या वेळातच भरू लागला, तर ब्लीचनेही त्याचे धागे मोकळे होत नाहीत असे समजून तो बाद करावा.

कॅनिस्टर एका महिन्यात टप्प्याटप्प्याने काढता येईल. प्रथम सिरॅमिक रिंग्ज जाळीच्या पिशवीत भरून संपमध्ये, सॉकच्या पुढच्या कप्प्यात ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यापर्यंत गाळलेले पाणी पोहोचेल. गाळणी नेहमी रिंग्जसारख्या जैविक माध्यमाच्या आणि, वापरत असल्यास, कार्बनच्या आधी असावी, अन्यथा त्यांच्यावर गाळाची पुटे चढतात. मग फ्लॉस काढावा. दोन आठवड्यांनी स्पंज अर्धा कापून काढावा आणि आणखी दोन आठवड्यांनी उरलेला. प्रत्येक पायरीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी अमोनिया तपासावा. तो शून्य असेल तरच पुढची पायरी घ्यावी.

नायट्रेट ४० वरच का अडकले, याचाही हिशेब मांडून दाखवतो, कारण तो समजला की सॉक बदलण्याचा कंटाळा येत नाही. समजा टाकीत दर आठवड्याला ४ पीपीएम नायट्रेट नव्याने तयार होते आणि आपण दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलता. नायट्रेट ४० असताना १० टक्के पाणी काढले की ४ कमी होतात, आणि आठवडाभरात तेवढेच पुन्हा वाढतात. म्हणजे आकडा ४० वरच स्थिर होतो, मग वर्षभर पाणी बदलत राहिलात तरी. बदललेल्या पाण्याने पातळी शून्याकडे जात नाही, ती आठवड्याच्या उत्पादनाच्या दहापटीवर जाऊन थांबते. सॉक वेळेवर काढून हे उत्पादन ४ वरून २ वर आणता आले, तर तेवढेच पाणी बदलून आकडा २० च्या दिशेने उतरू लागेल. उत्पादन कमी करण्याचा दुसरा मार्ग अर्थातच खाद्याचा. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळणीत स्वच्छ पाण्याने धुऊन घालावे आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच द्यावे.

प्रवाळवेडा यांचा इशारा मला पटतो, फक्त तो आपल्याला आज लागू नाही. शून्याची भीती ४० वर असलेल्याने बाळगण्याचे कारण नाही. १० च्या खाली गेलात की सॉकचा कालावधी वाढवण्याचा किंवा एक सॉक काढून ठेवण्याचा विचार अवश्य करा.


खेकडा :

चर्चेत सॉकवर इतके लक्ष आहे की पंप विसरले गेले. गाळणी कितीही स्वच्छ असो, तिच्यातून पाणी खेचणारा पंप मंदावला तर तिचा उपयोग नाही. खाऱ्या पाण्यात पंपाच्या उबदार भागांवर कॅल्शियम कार्बोनेटचा दगडासारखा थर बसतो आणि त्यावर गुलाबी कोरलाइन शेवाळ वाढते. प्रवाह इतका हळूहळू घटतो की रोज पाहणाऱ्याला कळतही नाही. आपल्या बाबतीत महिनाभर सॉक ओसंडला नाही, यामागे मंदावलेला रिटर्न पंप असण्याची शक्यता मला वाटते.

दर तीन महिन्यांनी पंप उघडून इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते पाते) बाहेर काढावा आणि सर्व सुटे भाग पांढऱ्या व्हिनेगरच्या व पाण्याच्या समसमान मिश्रणात, किंवा एका लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून त्यात, तास-दोन तास ठेवावेत. बुडबुडे येणे थांबले की मऊ ब्रशने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन जोडावेत. इम्पेलरचा सिरॅमिक दांडा ठिसूळ असतो, त्याच्यावर जोर करू नये. दांडा बसतो त्या खोबणीत बारीक वाळूचे कण राहिले तर पंप घरघरतो, म्हणून ती बोटाने नव्हे, लहान ब्रशने साफ करावी.

कॅनिस्टर निघेपर्यंत त्याविषयी दोन सूचना. त्याच्या झाकणाच्या ओ-रिंगवर (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर) मिठाचा एक स्फटिक राहिला तरी रात्रीत जमिनीवर पाणी होते. दर वेळी रिंग आणि तिची खाच गोड्या पाण्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. आणि वीज काही तास गेली, तर वीज आल्यावर कॅनिस्टर तसाच सुरू होऊ देऊ नये. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणू संपवतात, मग ते मरू लागतात आणि आतला गाळ सडतो. ते काळपट, सडक्या अंड्यासारखा वास येणारे पाणी पंप सुरू होताच थेट टाकीत जाते. प्लग आधीच काढून ठेवावा, आतले पाणी फेकावे, स्पंज खाऱ्या पाण्यात पिळावा आणि मगच जोडणी करावी.


शिंपला :

आठ आठवड्यांनी लिहीत आहे. खेकडा यांचा अंदाज अचूक निघाला. रिटर्न पंपाचा इम्पेलर पांढऱ्या थराने जवळजवळ बुजला होता. व्हिनेगरनंतर प्रवाह इतका वाढला की ओव्हरफ्लोचा आवाजच बदलला. सॉक आता बरोबर तीन दिवस टिकतो. कॅनिस्टर पूर्णपणे निघाला आणि प्रत्येक टप्प्यावर अमोनिया शून्य राहिला. नायट्रेट मात्र अजून ३० च्या आसपास दिसते, म्हणजे चाचणी किटचा रंग २० आणि ४० यांच्या मधोमध आहे. इतके करूनही उतार फार मंद आहे का?

दुसरी एक किरकोळ गोष्ट. परवाच्या सॉकमध्ये नखाएवढी एक गोगलगाय जिवंत सापडली. परत टाकीत सोडली, पण अशा किती धुऊन गेल्या असतील, या विचाराने अस्वस्थ वाटले.


ओहोटी :

मंद नाही, अगदी हिशेबाप्रमाणे आहे. आपले साध्य २० असेल तर सुरुवातीच्या ४० मध्ये त्याच्या वरचे जे २० होते, त्यांतले दर आठवड्याला फक्त १० टक्के कमी होतात. आठ आठवड्यांनंतर त्यांपैकी साधारण ४३ टक्के शिल्लक राहतात, म्हणजे ८.६. त्यात २० मिळवले की २८.६. आपल्या किटला यापेक्षा प्रामाणिक राहता आले नसते. आता पाण्याचा बदल १० ऐवजी २० टक्के केलात, तर स्थिरावण्याचा आकडा २० वरून १० वर येईल आणि उतारही दुप्पट वेगाने होईल. मात्र नवे पाणी आदल्या दिवशीच मीठ घालून ढवळत ठेवावे आणि त्याची क्षारता व तापमान टाकीशी जुळवूनच घालावे.


प्रवाळवेडा :

गोगलगायीसाठी ओव्हरफ्लोच्या तोंडावर जाळी लावण्याचा मोह होईल, तो आवरा. जाळी शेवाळाने किंवा सुटलेल्या प्रवाळाच्या तुकड्याने बुजली की पाणी खाली उतरायचे थांबते, रिटर्न पंप मात्र संपमधले पाणी वर ढकलतच राहतो आणि टाकी जमिनीवर वाहू लागते. ओव्हरफ्लोच्या तोंडावरची दात्यांची फणी पुरेशी आहे. बाकी, सॉक धुण्यापूर्वी तो पांढऱ्या थाळीत टाकीच्या थोड्या पाण्यात उलटा करून दोन मिनिटे पाहत बसावे. जे हलेल ते परत सोडावे, बाकीचे फेकावे.